पंखा फिरताना दिसायला हवा: जुनी लढाऊ विमानं चित्रित करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगाने सापडतात आणि त्यातल्या बहुतेकांत तीन गोष्टी बिघडलेल्या असतात. विमानाच्या नाकावरचा पंखा (प्रोपेलर) एक तर हवेत थिजलेला दिसतो, नाहीतर केळ्यासारखा वाकलेला. इंजिनाचा आवाज वाऱ्याच्या घरघरीत बुडालेला असतो किंवा त्यावर कुठलं तरी जोशपूर्ण संगीत चढवलेलं असतं. आणि खाली दिलेली विमानाची ओळख चुकीची असते. या तीन गोष्टी सांभाळल्या तर साध्या कॅमेऱ्यावरचा व्हिडिओही मोलाचा ठरतो. त्या सुटल्या तर लाखाची लेन्सही उपयोगाची नाही.

हे इतक्या आग्रहाने सांगायचं कारण असं की ही यंत्रं आता फार थोडी उरली आहेत. युद्धकाळात सात हजारांहून जास्त लँकास्टर बॉम्बफेकी विमानं बांधली गेली, आज त्यातली उडू शकणारी जगात दोनच आहेत: एक ब्रिटनच्या कॉनिंग्जबी तळावर, दुसरं कॅनडात हॅमिल्टनला. सुटे भाग संपतात, माणसं थकतात, एखादं विमान कायमचं जमिनीवर बसतं. ते कसं उडायचं, कसं वाजायचं हे पुढच्या पिढीला तुमच्या-माझ्यासारख्यांनी केलेल्या चित्रणातूनच कळणार आहे.

सुरुवात कुठे करावी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना माझा सल्ला सरळ आहे: पहिला शो मोठा निवडू नका. बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डन इथे शटलवर्थ कलेक्शन आहे. तिथे धावपट्टी गवताची, गर्दी आटोक्यात आणि विमानं जवळून जातात. प्रेक्षकांची रेषा तिथे सरळ नाही, मध्ये वळलेली आहे. त्यामुळे विमान वळण घेत येतं आणि पंखांची वरची बाजू कॅमेऱ्याकडे होते. इतर ठिकाणी नुसती पोटंच दिसत राहतात. उन्हाळ्यात तिथे संध्याकाळचे शोही होतात. वारा पडला तर १९०९ सालचं ब्लेरिओ विमान बाहेर काढतात. ते मूळ इंजिनावर आजही जमिनीवरून थोडंसं उचलतं. वारा असला तर ते हँगरमध्येच राहतं, त्याची तयारी ठेवा.

दुसरी पायरी डक्सफर्ड. केंब्रिजच्या दक्षिणेला, एम ११ रस्त्याला लागून. रॉयल एअर फोर्सला, म्हणजे ब्रिटनच्या वायुदलाला, पहिलं स्पिटफायर लढाऊ विमान १९३८ च्या ऑगस्टमध्ये याच धावपट्टीवर, १९ व्या स्क्वाड्रनकडे मिळालं. आज तिथे इम्पीरियल वॉर म्युझियमची शाखा आहे. मोठ्या शोला एका वेळी अनेक स्पिटफायर हवेत असतात, पण गर्दीही तशीच असते.

अमेरिकेत शिकागोच्या आसपास असाल तर जुलैअखेरचं विस्कॉन्सिनमधला ऑशकॉशचा शो चुकवू नका. टोरांटोकरांना लँकास्टर असलेलं हॅमिल्टनचं संग्रहालय गाडीने तासाभरावर आहे.

भारतात वर्षभर चालणारे असे शो नाहीत, पण वायुदलाकडे स्वतःची जुनी विमानं आहेत: टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही प्रशिक्षणाची विमानं आणि २०१८ साली दाखल झालेलं मालवाहू डकोटा, ज्याला 'परशुराम' असं नाव दिलं आहे. ८ ऑक्टोबरच्या वायुदल दिनाच्या सुमारास किंवा बेंगळुरूजवळच्या येलहंका तळावर विषम वर्षांत भरणाऱ्या एअरो इंडियात ती दिसण्याची शक्यता असते. वायुदल दिनाचा कार्यक्रम अलीकडे शहरं बदलत होतो: २०२२ ला चंडीगढ, २०२३ ला प्रयागराज, २०२४ ला चेन्नईचा मरीना किनारा. चेन्नईला त्या दिवशी प्रचंड गर्दी झाली आणि उन्हाच्या तडाख्याने माणसं दगावली. तेव्हा भारतातल्या शोला जाताना पाणी, टोपी आणि परतीची वाट यांचा विचार लेन्सच्या आधी करा.

आधी गच्चीवर हात बसवा

विमान अर्ध्या मिनिटात येऊन जातं. त्या वेळी कॅमेऱ्याची बटणं शोधत बसलात तर काहीच हाती लागत नाही. यासाठी घारीसारखा गुरू नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात दुपारी गच्चीवर जा, घार संथ घिरट्या घालत असते. तिला चौकटीत धरून ठेवा. ती वळली की तुम्ही कमरेतून वळा, हातांनी कॅमेरा ढकलू नका. पाय खांद्याइतके फाकवून, विमान जिथे निघून जाणार त्या दिशेला तोंड करून उभे राहा आणि सुरुवातीला धड मागे वळवा. म्हणजे शेवटी शरीर सैल होत जातं, आवळत नाही. तिच्या पुढे थोडी मोकळी जागा ठेवायची सवय लावा. उडणाऱ्या गोष्टीला चौकटीत पुढे जायला वाव लागतो.

सरावासाठी विमानतळाच्या भिंतीशी मोठी लेन्स घेऊन उभं राहण्याचा मोह होईल. पुण्याचं लोहगाव आणि गोव्याचं दाबोळी हे दोन्ही लष्करी तळ आहेत. तिथे परवानगीशिवाय चित्रण चालत नाही आणि ‘मला छंद आहे’ हे उत्तर पुरत नाही. त्यापेक्षा दाबोळीजवळच बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे रीतसर तिकीट काढून जा. सी हॉक, अलिझे, फायरफ्लाय, सुपर कॉन्स्टेलेशन अशी विमानं तिथे उघड्यावर उभी आहेत. कॅमेऱ्याविषयीचे नियम फाटकावर विचारून घ्या. उभ्या विमानाच्या भोवती फिरताना त्याची ठेवण डोळ्यांत बसते आणि मग तेच आकाशात दिसलं की ओळखायला वेळ लागत नाही.

सामान

थोडक्यात सांगतो. फोटोंसाठी ४०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स पुरते. १००-४०० किंवा १५०-६०० यांपैकी जी हातात तासभर पेलवेल ती घ्या. व्हिडिओसाठी फोन चालतो, पण ज्यात शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, स्वतः ठरवता येतो असं ॲप हवं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत मिळतं आणि पुरेसं आहे. तिपाई नेत असाल तर तिचं डोकं तेलावर फिरणारं, म्हणजे फ्लुइड हेड हवं. साध्या डोक्यावर विमानाचा पाठलाग करताना चित्र अडखळत पुढे जातं. तिपाईवर कॅमेरा असताना स्थिरीकरण बंद ठेवा. आपण मुद्दाम कॅमेरा वळवतो आणि ते त्याला धक्का समजून उलट ओढतं. ड्रोन घरी ठेवा. शोच्या हद्दीत तो उडवणं हा गुन्हाच आहे, आणि पायलटच्या जिवाशी खेळही.

राहिले दोन फिल्टर आणि एक केसाळ टोपी. त्यांच्याबद्दल पुढे.

शटरचं गणित

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. कॅमेरा स्वयंचलित ठेवला की लख्ख उन्हात तो शटर हजारांश सेकंदावर नेतो. विमान धारदार येतं, पण पंख्याची पाती स्पष्ट मोजता येतात आणि इंजिन बंद पडलेलं विमान आकाशात टांगल्यासारखं वाटतं. जेट विमानाला हे चालतं. हंटर किंवा व्हॅम्पायरला खुशाल हजारांश ठेवा. पंख्याच्या विमानाला नाही.

गणित सोपं आहे. मिनिटाला पंखा जितके फेरे घेतो त्याला सहाने गुणा, म्हणजे सेकंदाला किती अंश फिरला ते कळतं. त्याला शटरच्या आकड्याने भागा. मर्लिन इंजिनाचं स्पिटफायर शोमध्ये उडताना पंखा साधारण १,२०० फेऱ्यांनी फिरतो, कारण इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये वेग कमी करणारे दंतचक्र असतात. १,२०० गुणिले सहा म्हणजे ७,२०० अंश. शटर १/२५० असेल तर पातं सुमारे २९ अंश सरकतं: फोटोत छान पुसट पंखा. १/१०० ला ७२ अंश. १/५० ला १४४ अंश, म्हणजे चार पात्यांची पूर्ण चकती.

आता हार्वर्ड घ्या. त्याच्या इंजिनात असं दंतचक्र नाही, पंखा थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला. २,००० फेरे धरले तर १/२५० लाच ४८ अंश मिळतात. टायगर मॉथचंही तसंच. या दोघांना १/३२० लाही पंखा जिवंत दिसतो. डकोटाचा पंखा मात्र स्पिटफायरपेक्षाही किंचित सावकाश फिरतो आणि विमानही जड, संथ. त्याला १/१६० पर्यंत खाली या. संथ विमान असल्याने ते जमतं.

फोटोत हात कितपत स्थिर आहे यावर सगळं अवलंबून. १/१२५ ला दहातले आठ फोटो हलतील. ते चालवून घ्या, उरलेले दोन सोनं असतात. पहिल्या दिवशी १/३२० ने सुरू करा आणि दुपारपर्यंत १/२०० वर या, म्हणजे रिकाम्या हाताने परतावं लागत नाही.

व्हिडिओचं वेगळं. तिथे सेकंदाला २५ चित्रं घेत असाल तर शटर १/५०, ५० चित्रं घेत असाल तर १/१००. हे सांभाळलं की वाकलेल्या पंख्याचा रोगही जवळजवळ जातो. तो रोग होतो कारण फोनचा सेन्सर संपूर्ण चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत पातं पुढे गेलेलं असतं आणि चित्रात ते वाकडं उमटतं, कधी पंख्यापासून सुटं होऊन तरंगतं. शटर संथ असेल तर पातं मुळातच पुसट होतं आणि वाकडेपणा त्यात विरून जातो.

पण भर उन्हात १/५० ठेवलं तर चित्र पांढरंफटक पडेल, म्हणून लेन्सवर काळसर काच लावायची: एनडी फिल्टर. हिशेब असा. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) १६ आणि १/१०० असं प्रमाण बसतं. तुम्हाला एफ ५.६ आणि १/५० हवं, म्हणजे प्रकाश सोळापट जास्त येणार. त्याला उतारा एनडी १६. ढगाळ दिवशी एनडी ४ पुरतो. हे दोन फिल्टर जवळ असले की काम भागतं. फोनसाठी चिमट्याने बसणारे मिळतात, पण बहुतेक फोनचं छिद्र मोठं आणि न बदलणारं असतं, म्हणून तिथे आणखी गडद फिल्टर लागतो. फिरवून गडद-फिका करता येणारा फिल्टर सोयीचा वाटतो, पण स्वस्तातला असेल तर आकाशावर डाग उमटवतो. मी तो सुचवणार नाही.

आणखी तीन गोष्टी आधीच लावून टाका. पांढऱ्याचा समतोल (व्हाइट बॅलन्स) उन्हाच्या खुणेवर पक्का करा, नाहीतर विमान ढगावरून निळ्या आकाशावर गेलं की रंग बदलतो. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा. विमान ओळखण्याची सोय असेल तर चालू करा. उजळ आकाशासमोर विमान काळं पडतं म्हणून प्रकाश दोन-तृतीयांश ते एक पायरी वाढवा, पण पांढऱ्या ढगांचा तपशील पुसला जात नाही ना ते पाहत राहा.

ऊन, वारा आणि तुमची जागा

वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून विमानं उडतात आणि उतरतात. वाऱ्याची पिशवी कुठे झुकली आहे हे आल्याआल्या बघितलं की चाकं कुठे सुटतील याचा अंदाज येतो. जागा त्यावरून ठरवा, खाण्याच्या गाड्यांवरून नाही.

डक्सफर्डचंच उदाहरण घेऊ. तिथे प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला उभे असतात, म्हणजे तोंड दक्षिणेला आणि सूर्य डोळ्यांवर. हा तिथला जुना त्रास आहे. ब्रिटनमध्ये वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो, म्हणून विमानं डावीकडून, एम ११ च्या बाजूने धावत येऊन उजवीकडे उडतात. दुपारनंतर सूर्यही उजवीकडे सरकतो. तेव्हा प्रेक्षकांच्या रेषेच्या पश्चिम टोकाकडे जागा धरून कॅमेरा डावीकडे वळवला तर येणाऱ्या विमानाच्या नाकावर ऊन पडलेलं मिळतं. मधोमध उभं राहिलात तर दिवसभर काळ्या आकृत्याच टिपत बसाल.

उन्हाळ्यात भर दुपारी धावपट्टीवरची तापलेली हवा थरथरते आणि लांबून घेतलेलं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं. याला कुठलीही लेन्स उतारा नाही. त्या तासात जमिनीवरचं लांबचं चित्रण सोडून द्या.

कुंपणाबाहेरच्या शेतातून फुकट चांगलं दिसतं असं कुणी सांगेल. ऐकू नका. २२ ऑगस्ट २०१५ ला शोरहॅमच्या शोमध्ये हॉकर हंटर विमान रस्त्यावर कोसळलं आणि ११ जणांचा बळी गेला. ते सगळे शोच्या आवाराबाहेर होते. प्रेक्षकांसाठी आखलेलं अंतर आतल्या माणसांना वाचवण्यासाठी मोजलेलं असतं. शिवाय तिकिटाच्या पैशातूनच ही विमानं उडती राहतात.

जमिनीवर घालवलेला वेळ

नवखा माणूस फक्त उड्डाण टिपतो. माझ्या मते निम्मी गोष्ट जमिनीवर घडते. डक्सफर्डला उड्डाणं सुरू होण्याआधी वेगळं तिकीट काढून विमानांच्या रांगेत फिरता येतं. ते पैसे जरूर खर्च करा. झिजलेली पायरी, पंखाखाली ठेवलेलं तेल झेलायचं ताट, कॉकपिटमध्ये अर्धा शिरलेला तंत्रज्ञ हे सगळं दहा-दहा सेकंद स्थिर धरून घ्या. जोडणीच्या वेळी याच तुकड्यांनी व्हिडिओ उभा राहतो.

मग इंजिन सुरू होण्याची वाट पाहा. स्पिटफायरचा पंखा आधी अडखळत एक-दोन पाती फिरतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना धुराड्या असतात, त्यातल्या एकीतून भसकन निळसर-पांढरा धूर निघतो, कधी नारिंगी जिभाही. मग दुसरी पेटते, तिसरी, आणि अचानक सगळ्या एका सुरात येतात. शेपटीमागचं गवत आडवं होतं. विमानाच्या तिरकस समोरून, धुराड्या दिसतील अशी चौकट लावा आणि पंखा हलण्याच्या पुष्कळ आधी चित्रण सुरू करा. ग्राउंड क्रूमधल्या माणसाने हात वर केला की वेळ झाली. टायगर मॉथचा पंखा हातानेच फिरवून देतात आणि त्याआधी ‘कॉन्टॅक्ट’ अशी हाळी होते. ती हाळी आवाजात यायला हवी.

विमान हवेत असताना

झूमचा मोह आवरा. चौकटीत विमान निम्म्याहून मोठं झालं की ते निसटतंच. सुरुवातीला एक-तृतीयांश भरेल इतकंच जवळ घ्या. एक फेरी ठरवली की ती पूर्ण करा: दूरच्या ठिपक्यापासून धरा आणि पुन्हा ठिपका होईपर्यंत सोडू नका. मध्येच झूम आत-बाहेर केलं तर तो तुकडा वापरता येत नाही. तीन-चार विमानं मिळून उडत असतील तर पुढच्यावर नजर ठेवा, बाकीची आपोआप चौकटीत राहतात. ढग, झाडांचे शेंडे, वाऱ्याची पिशवी यांना चौकटीत येऊ द्या. नुसत्या निळ्या आकाशावरचं विमान किती वेगात आहे ते कळत नाही.

आणि एखादी फेरी कॅमेरा खाली ठेवून बघा. पुढच्या फेरीत ते विमान कुठे वळणार हे त्यामुळे जास्त नेमकं कळतं.

आवाज

चित्र थोडं हललं तरी लोक बघतात. आवाज फाटला की बंद करतात. आणि या विमानांचा आवाज ही त्यांची अर्धी ओळख आहे.

मर्लिन हे २७ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन. भर वेगात त्याचा सूर भरदार आणि सलग असतो, थ्रॉटल मागे घेतला की धुराड्यांतून फटफट सुटते. मस्टँग हे अमेरिकी लढाऊ विमान वेगाने खाली येऊन गेलं की त्यामागून एक लांब शीळ ऐकू येते. पंखातल्या बंदुकांच्या भोकांवरून जाणारी हवा ती वाजवते असं मानलं जातं. हार्वर्डची कर्कश भरभर दोन मैलांवरून कळते आणि तिचं कारण पंख्यात आहे. सुमारे नऊ फुटांचा पंखा उड्डाणाच्या वेळी मिनिटाला २,२५० फेरे घेतो, म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जातं. आवाजाचा वेग ३४० मीटर. टोक आवाजाच्या वेगाला भिडतं आणि हवा फाटते. डकोटाची दोन इंजिनं एकमेकांशी अगदी जुळलेली नसली की त्यांच्या सुरात संथ लाटा उठतात. हे सगळं टिपायचं तर कॅमेऱ्यातला माईक पुरत नाही.

छोटा स्वतंत्र रेकॉर्डर घ्या. त्यावर आधी स्पंजची आणि त्यावर लांब केसांची टोपी चढवा; उघड्या धावपट्टीवर नुसता स्पंज वारा थोपवत नाही. रेकॉर्डर गुडघ्याच्या उंचीवर छोट्या तिपाईवर ठेवा, तिथे वारा कमी असतो. आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय बंद करा. नाहीतर शांततेत ती पातळी वर चढते आणि विमान आलं की सगळं दबून जातं. मोठ्यातला मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी पहिल्या विमानावर बसवा आणि मग हात लावू नका.

भोंग्यांपासून लांब राहा. समालोचन ऐकायला छान वाटतं, पण भोंग्यांवर मध्येमध्ये गाणी वाजतात आणि ती तुमच्या व्हिडिओत आली की यूट्यूब स्वामित्वहक्काचा दावा लावतं. भोंग्यांच्या दोन खांबांच्या मधोमध किंवा रेषेच्या टोकाला जागा मिळाली तर उत्तम.

रेकॉर्डर पूर्ण प्रदर्शनभर चालू ठेवा. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, नंतर चित्र आणि आवाज जुळवायला ती उपयोगी पडते. जुळवताना एक गोष्ट विसरू नका: अर्धा किलोमीटर दूर असलेल्या विमानाचा आवाज दीड सेकंद उशिरा पोचतो. तो उशीर खरा आहे. त्याला ओढून चित्राशी चिकटवू नका.

शोमध्ये काही जण कानाला रेडिओ लावून पायलट आणि नियंत्रकाचं बोलणं ऐकताना दिसतील. ब्रिटनमध्ये ते ऐकणं कायद्यात बसत नाही, व्हिडिओत घालणं तर नाहीच.

हे नेमकं कुठलं विमान?

विमानावर रंगवलेला क्रमांक म्हणजे त्याची खरी ओळख असेलच असं नाही. वायुदलाच्या परशुराम डकोटावर व्हीपी ९०५ लिहिलेलं आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक. पण आज उडणारं विमान ते नव्हे. ते ब्रिटनमध्ये दुरुस्त करून माजी वायुदल अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ त्यांच्या मुलाने वायुदलाला भेट दिलेलं दुसरं डकोटा आहे, त्या पराक्रमाची आठवण म्हणून त्याला तो क्रमांक दिला. ‘१९४७ ला श्रीनगरला उतरलेलं विमान आजही उडतंय’ असं लिहिलं तर ते चूक. ‘श्रीनगरला उतरलेल्या डकोटाच्या रंगात’ हे बरोबर.

ब्रिटनमध्ये हे सर्रास होतं. एकच स्पिटफायर दर काही वर्षांनी वेगळ्या पायलटच्या, वेगळ्या स्क्वाड्रनच्या रंगात येतं. खरी ओळख पटवायला नागरी नोंदणी शोधा. जी ने सुरू होणारी ती अक्षरं जुन्या लढाऊ विमानांवर बहुधा रंगवलेली नसतात, पण शोच्या माहितीपुस्तिकेत मिळतात आणि ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या नोंदवहीत तपासता येतात. उदाहरणार्थ, डक्सफर्डच्या फायटर कलेक्शनचं ग्रिफन इंजिनाचं स्पिटफायर जी-एसपीआयटी. त्याचा मूळ क्रमांक एमव्ही २९३, पण अंगावर बरीच वर्षं एमव्ही २६८ होता.

हे विमान आपल्यासाठी खास आहे, कारण ते भारतीय वायुदलाकडे होतं आणि १९७० च्या दशकात भारतातून परत ब्रिटनला गेलं. असं ते एकटं नाही. निवृत्त झालेली कित्येक स्पिटफायर भारतातल्या तळांवर पडून होती, संग्राहकांनी ती विकत घेतली, आणि आज इंग्लंडच्या आकाशात त्यातली काही उडतात. लिबरेटरची कथा आणखी विलक्षण आहे. युद्धानंतर कानपूरला मोडीत काढलेली ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी पुन्हा उडती केली आणि वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. लंडनच्या आरएएफ म्युझियममधलं लिबरेटर भारतानेच दिलेलं आहे. इंग्रजी व्हिडिओंच्या वर्णनात हा भारतीय धागा क्वचित येतो. मराठीत तो तुम्ही लिहा, हे काम दुसरं कुणी करणार नाही.

डोळ्यांनी ओळखायच्या काही खुणा: सुरुवातीच्या बहुतेक स्पिटफायरना तीन पाती, मार्क ९ ला (मार्क म्हणजे आवृत्ती) चार, मार्क १४ ला पाच. मर्लिन आणि ग्रिफन यांचे पंखे एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. विमान समोरून येत असेल तर मर्लिनचा पंखा घड्याळाच्या उलट फिरताना दिसतो.

लोकांपर्यंत पोचवताना

घरी आल्यावर मूळ फायली दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि मगच कार्ड पुसा. जोडणी साधी ठेवा: जमिनीवरची दृश्यं, इंजिन सुरू, उड्डाण, दोन-तीन उत्तम फेऱ्या, उतरणं. सहा मिनिटं खूप झाली. एका विमानाचा एक व्हिडिओ केलात तर शोधणाऱ्याला सापडतो. बारा विमानांचा खिचडी-व्हिडिओ कुणालाच नीट सापडत नाही. संगीत घालू नका. मराठीत काही सांगायचं असेल तर इंजिनावर बोलू नका, जमिनीवरच्या दृश्यांवर बोला. आकाशाच्या मंद छटांत पट्टे पडतात, म्हणून निर्यात करताना बिटरेट (दर सेकंदाला किती माहिती साठवायची तो आकडा) कंजुषीने लावू नका.

वर्णनात शोचं ठिकाण, तारीख, विमानाचा प्रकार, मूळ क्रमांक, सध्याचे रंग कुणाचे, मालकी कुणाची आणि आवाज मूळ आहे की नाही एवढं हवंच. नमुना असा: ‘स्पिटफायर मार्क १४, मूळ क्रमांक एमव्ही २९३, नोंदणी जी-एसपीआयटी, द फायटर कलेक्शन, डक्सफर्ड. पूर्वी भारतीय वायुदलात. आवाज प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित.’ शीर्षक मराठीत द्या, पण विमानाचं नाव रोमन लिपीतही वर्णनात घाला, जगभरचे अभ्यासक त्यावरून शोधतात.

तिकिटाच्या अटी वाचा. हौसेने टाकलेल्या व्हिडिओला सहसा हरकत नसते, कमाई सुरू केली तर आयोजकांची परवानगी लागू शकते. भारतात लष्करी तळावर शो असेल तर धावपट्टीशिवाय बाकी इमारती, रडार, उभी असलेली आजची विमानं चौकटीत घेऊ नका. दुसऱ्यांची मुलं ओळखू येतील असे तुकडे काढून टाका.

एक कठीण गोष्टही सांगायला हवी. जुनी विमानं कोसळतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये डॅलसला दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळून सहा जण गेले आणि तपास यंत्रणेने प्रेक्षकांकडे चित्रणं मागितली. असं काही तुमच्यासमोर घडलं तर कॅमेऱ्यातलं काही पुसू नका, कापू नका, मूळ फाइल तपास करणाऱ्यांना द्या आणि इंटरनेटवर टाकू नका. त्या पायलटच्या घरच्यांना अजून फोनही गेलेला नसतो.

घरच्या ग्रुपवर पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून जोडा. नाहीतर एवढ्या कष्टाने जपलेला पुसट पंखा ठोकळ्यांचा होऊन पोचतो. आणि कुणी जाणकाराने क्रमांक चुकला असं कळवलं तर तपासून त्याच दिवशी वर्णन सुधारा, खाली दुरुस्तीची तारीख लिहा.